आभाळात ठेवलेलं जहाज

मायामीहून गावात आलेला माणूस ओळखायला चेहरा पाहावा लागत नाही, वास पुरतो. आमच्या आळीची अध्यक्ष फेर्मिना. तिचा भाचा योआन्द्री कमिटीच्या खोलीत शिरला तेव्हा आधी अत्तर आत आलं, मग नव्या बेसिनसारखे पांढरेशुभ्र दात, आणि सगळ्यात शेवटी तो. काखेत एक चपटं राखाडी यंत्र होतं. सुईणीने बाळ बापाच्या हातात द्यावं तसं त्याने ते अलगद टेबलावर ठेवलं.

“मावशी,” तो म्हणाला, “यंदा तुमचं गुपित देवाच्या बापालासुद्धा कळणार नाही.”

माझं नाक तेव्हाच मुरडलं. पण नाक हा काही पुरावा नव्हे, आणि मी पुराव्याशिवाय बोलत नाही. सगळी उमर साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात गेली. कारखाना बंद पडला, भंगारात गेला, माझी सवय तेवढी राहिली. माझ्यासमोर, म्हणजे नेरेइदासमोर, बसलं की ही बाई आपली जमा-नावेची बाजू मांडते, असं गावात म्हणतात. मांडतेच. लोकांना काय, माझं तोंड दिसतं. त्यांची नावेची बाजू मला दिसते.

आमच्या सान ऑनोफ्रे गावात दोन आळ्या. नदीकडची खेकड्यांची, ती आमची. रेल्वेकडची कोंबड्यांची, ती त्यांची. मध्ये चौक आणि चर्च. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही आळ्या आपापला गाडा चौकात आणतात. दुमजली घराएवढा गाडा, त्यावर नटलेल्या पोरी, दिवे, दारूकाम. वर्षभर तो झाकून बांधायचा. गाड्यावर काय आहे हे चौकात येईपर्यंत समोरच्या आळीला कळलं, तर त्या गाड्याची किंमत जळणाच्या लाकडाएवढी. परीक्षक नसतात. दरवर्षी दोन्ही आळ्या जिंकतात आणि दरवर्षी दोन्ही आळ्या समोरचे हरले म्हणून त्यांचं सांत्वन करायला जातात. नवरा एका आळीचा आणि बायको दुसऱ्या आळीची असली, तर ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत ती दोघं फक्त हवापाण्यावर बोलतात.

गाड्याची रचना करायचे आर्सेनियो मास्तर. आमच्या आळीत माझ्या आठवणीत दुसऱ्या कोणी गाडा काढलेला नाही. आता त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, डोळ्यांवर पडदा आला होता, आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, “हा एक गाडा उभा करतो, मग मला खुर्ची द्या आणि कोणी काही विचारू नका.” हा एक म्हणजे जहाज. चौकात शिरेल तेव्हा वाळूत रुतलेल्या फुटक्या जहाजासारखं आडवं, तीनही डोलकाठ्या जमिनीला टेकलेल्या. चर्चच्या दारासमोर आलं की एक खुंटी ओढायची. आतली वाळूची पोती कप्प्यांवरून खाली जायची आणि त्यांच्या भाराने तीनही डोलकाठ्या शिडांसकट आपोआप उभ्या राहायच्या. वीज नको, मोटर नको. गावाची वीज गेली तरी जहाज उठणार. दोन वर्षं ते त्यावर झुरत होते.

आणि आदल्या वर्षी काय झालं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा मूर्खपणा कळायचा नाही. आदल्या वर्षी आमचा ज्वालामुखी होता. मास्तरांची चित्रं कोणीतरी गळ्यातल्या दांडीत, म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये, भरून छपाईच्या दुकानात नेली. आमच्याकडे सिनेमा, गाणी, लग्नाचे फोटो, सगळं त्या बोटाएवढ्या दांडीतूनच गावभर फिरतं. तिथे कोणीतरी प्रत काढली. नाताळच्या संध्याकाळी आमचा ज्वालामुखी चौकात आला, अजून त्यातून कागदी राख उडायचीच होती, आणि समोर बघतो तर सगळी कोंबडेआळी छत्र्या उघडून बसलेली. छत्र्या! मास्तर ईस्टरपर्यंत घराबाहेर पडले नाहीत.

म्हणून योआन्द्री बोलायला लागला तेव्हा सगळे पुढे सरकून बसले.

“हे यंत्र म्हणजे संगणक नव्हे,” तो म्हणाला. “ही नुसती खिडकी. संगणक वर आहे, आभाळात. तुमचं टेबल वर, कप्पे वर, चित्र काढायची हत्यारं वर. जगात कुठेही बसा, कुठल्याही यंत्रावर नाव सांगा, खुणेचा शब्द सांगा, तुमचं टेबल तुमच्या समोर. जसं सोडलं होतं तसंच. पेन्सिल जिथे ठेवलीत तिथेच. हे यंत्र उद्या कोंबड्यांनी चोरलं, तर त्यांना काय मिळेल?”

“काय?” फेर्मिना म्हणाली.

“तोंड बघायला आरसा.”

“आणि आभाळच चोरलं तर?” चुचो सुतार म्हणाला. करवतीच्या आवाजाने चुचोचे कान गेलेत, त्यामुळे तो जे बोलतो ते ओरडूनच. कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी योआन्द्रीने आम्हाला चौकात नेलं, कारण इंटरनेटचा खांब चौकातच आहे. तासाभराच्या इंटरनेटचं कार्ड खरवडलं, त्यावरचे आकडे घातले. पडद्यावर एक टेबल आलं आणि कोपऱ्यात एक ढग. ढगाला डोळे होते, गाल होते, आणि तो हसत होता. कमिशन मिळाल्यासारखा. योआन्द्रीने मास्तरांच्या कागदांचे फोटो काढून आधीच वर चढवले होते. जहाज दिसलं. त्याने यंत्र मिटलं, खिशातला फोन काढला, तेच टेबल, तेच जहाज. मग तो म्हणाला, “मास्तर, आता गंमत बघा.”

मास्तरांची मुलगी इदाल्मीस समुद्रापलीकडे लास पाल्मासला असते. लहानपणापासून बापाच्या गाड्यांना रंग तीच द्यायची. योआन्द्रीने तिला खुणेचा शब्द कळवला होता. पडद्यावर एक छोटा बाण आला, त्याच्या शेपटीला तिचं नाव. बाण जरा घुटमळला, मग तिसऱ्या शिडावर गेला आणि ते शीड हळूहळू पेरूच्या वडीसारखं लाल झालं.

मास्तरांनी बोट उचलून त्या बाणाला लावलं. बाण झटकन बाजूला पळाला, गुदगुल्या झाल्यासारखा. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढंच.

मी अन्यायी बाई नाही. हे मी त्या यंत्राच्या जमेला लावलं आहे, अजूनही आहे. त्या बाजूला दुसरं काही लावता आलेलं नाही.

मग कमिटी बसली. फेर्मिना म्हणाली, “कागद आहे तोवर हेर आहे. प्रत म्हणजे हेराचं अंडं.” कोणीतरी म्हणालं, दांड्या काढा. सगळ्यांच्या गळ्यातल्या दांड्या तपासल्या. योआन्द्रीने सगळ्यांच्या देखत फोनमधले फोटो पुसले. मास्तर म्हणाले, “एक कागद तरी ठेवू या का?” फेर्मिनाने त्यांच्याकडे असं पाहिलं की गेल्या वर्षीच्या सगळ्या छत्र्या खोलीत उघडल्या. हात वर करा म्हणाली. मी हात अर्धा वर केला. सचिवाने तो पूर्ण मोजला. परसात तेलाचा रिकामा डबा आणला आणि मास्तरांनी आपल्याच काडीने आपली दोन वर्षं पेटवली. टाळ्या वाजल्या. जळत्या कागदाच्या वासात योआन्द्रीच्या अत्तराचा वास मिसळला होता. ते मिश्रण आठवलं की आजही घास खाली ठेवते.

योआन्द्री सगळ्यांच्या गालांचे मुके घेऊन मायामीला परतला. यंत्र ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी चुचोने विचारलं, “मधल्या डोलकाठीची बिजागरी कितीवर?” मास्तरांनी गोदामात यंत्र उघडलं. ढग नाही, टेबल नाही, काही नाही. राखाडी पान. आमचं गोदाम नदीकाठी, तंबाखूच्या जुन्या वखारीत, इंटरनेट चौकात. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. योआन्द्रीने यंत्र दाखवलं चौकात, चित्रं चढवली चौकात, आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की गुपित आपण गावातल्या एकुलत्या एक अशा जागी ठेवलंय, जिथे संध्याकाळी कोंबडेआळी डॉमिनो खेळते.

नाइलाज होता. यंत्र उचलून चौकात.

मग सुरू झाला तो तमाशा. खांबाजवळचं बाक, त्यावर मास्तर, मी आणि यंत्र, आणि तिघांवर फेर्मिनाची पांढरी चादर. आत भट्टी. मास्तरांच्या घामाचा वास, यंत्राच्या तापल्या पत्र्याचा वास, आणि पडद्यावर तो गालवाला ढग गोल गोल फिरतोय. ‘थोडं थांबा, तुमचं टेबल लावतो आहोत!’ अरे, आमचंच टेबल ना? मग आम्हालाच बाहेर का बसवतोस? कार्डाचा अर्धा तास टेबल लावण्यात जायचा. मग चित्र यायचं, वरून खाली, एका वेळी एक पट्टी, कंजूष नातेवाईक पदार्थ वाढतो तसं. जहाजाचा बुडखा येईपर्यंत वीज जायची आणि खांब झोपायचा.

बाहेर ओविदियोचं टेबल. ओविदियो म्हणजे कोंबड्यांचे गाडे काढणारा, मास्तरांच्याच वयाचा, काडीसारखा, तोंडात कायम विझलेली सिगार. त्याचं आणि मास्तरांचं बोलणं टोमण्यांपुरतंच, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

“काय गं नेरेइदा,” त्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, “अंडी उबवताय का?”

“कोंबड्याने अंड्यांची चौकशी करू नये,” मी चादरीतून म्हणाले, “ते कोंबडीचं काम.”

“पिल्लं निघाली की आम्हाला एक दे हो!”

“तुमच्याकडे काय कमी आहेत, सगळी आळी ओरडतेच आहे.”

त्यांचं टेबल हसलं. आमचंही बाक हसलं असतं, पण चादरीत हसायला हवा लागते.

मास्तरांना बारीक आकडे दिसायचे नाहीत. म्हणून मी वाचायची. चुचो चादरीबाहेर वही न घेता उभा, कारण लिहायची बंदी. तो आकडा डोक्यात धरून धावत वखारीत जायचा आणि कापायचा.

“मधली कप्पी, तळापासून दोन मीटर दहा!” मी सांगायची.

“काय?”

“दोन! मीटर! दहा!”

“अगं नीट बोल, तोंडात काय धरलंयस?”

“दोन मीटर दहा, बहिऱ्या! डावं पोतं साठ किलो!”

“साठ का सात?”

“साऽऽठ!”

चर्चच्या घंटेवरची कबुतरं उडायची. माझं एक निरीक्षण होतं, तेही मी तेव्हा नुसतं टिपून ठेवलं: आमचं वाचन सुरू झालं की ओविदियोच्या टेबलावरचा डॉमिनोचा खडखडाट थांबायचा. मला वाटलं, हसताना माणसाचे हात थांबतात. चित्र दिसू नये म्हणून आम्ही घामाने निथळत होतो आणि चित्राचा एकूण एक आकडा मी गावाला ओरडून सांगत होते. हे माझ्या लक्षात आलं नाही. मास्तरांच्या आलं नाही. चुचोच्या येणं शक्यच नव्हतं. त्या यंत्राशी आठवडाभर राहिलं की माणसाला वाटायला लागतं, जे पडद्यावर आहे तेवढंच गुपित.

डिसेंबर लागला. सांगाडा उभा होता, डोलकाठ्या कापून रंगवून ठेवल्या होत्या. दोऱ्या, कप्प्या आणि पोती बसवायची राहिली होती, आणि जहाजाचा सगळा जीव त्यातच. एकदा लाकूड कापून झालं की चुचोच्या डोक्यातून आकडा पुसला जायचा, आणि कुठली दोरी कुठून कुठे जाते ते फक्त चित्रात होतं. आम्ही चादर घेतली, कार्ड खरवडलं, बसलो.

ढग आला. पण आज त्याच्या भुवया खाली होत्या. गाल तेच.

‘अरेरे! आमची सेवा जिथे देता येत नाही अशा देशातून हे टेबल वापरलं गेल्याचं दिसतं. नियमांनुसार ते बंद करण्यात आलं आहे. तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.’

“काय म्हणतोय?” मास्तरांनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं. या खेपेला हळू.

“पण आम्ही कुठे जातोय?” मास्तर म्हणाले. “आम्ही तर इथेच आहोत.”

फेर्मिनाने मायामीला फोन लावला. योआन्द्री म्हणाला, “मावशी, चिंता नको, मी मदत केंद्राला लिहिलंय.” मग म्हणाला, “उत्तर आलंय, मावशी, ऐक. ‘तुमची निराशा आम्ही समजू शकतो.’”

“कोणी लिहिलंय? माणसाने?”

“तसं... माणसासारख्याने.”

“आणि जहाज?”

“मावशी, इथल्या कंपन्यांना तुमच्या देशाशी व्यवहार बंद, आता नियमच तसा म्हटल्यावर... पण तंत्र बघ ना, तंत्र भारी होतं की नाही?”

फेर्मिना आयुष्यात शिवी देत नाही. तिने फोन टेबलावर ठेवला आणि हात धुऊन आली.

इदाल्मीसचंही दार बंद होतं. टेबल एकच, त्याला कुलूपही एकच. तिने रंगवलेल्या लाल शिडाचा फोटो तेवढा तिच्याकडे होता. तो तिने पाठवला. शिडाने जहाज उभं राहत नाही.

मास्तरांनी कागद मागवले. मोठे कागद, नवी पेन्सिल. मी भात आणि काळे घेवडे घेऊन दुपारी गेले तर ते तसेच बसलेले. कागदावर रेघा होत्या, पण त्या रेघा नव्हत्या. कोळ्याने दारू पिऊन विणावं तसं काहीतरी.

“डोक्यात आहे सगळं,” ते म्हणाले. “पण हातापर्यंत पोचेतो सांडतं.”

“खा आधी.”

“नेरेइदा, कमिटीत लिहून दे. यंदा खेकड्यांचा गाडा नाही.”

वादळाचं एक वर्ष सोडलं तर असं कधी झालेलं नव्हतं. ताट झाकून मी ओट्यावर आले. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि संतापाच्याही खाली शिसारी. आपलीच शिसारी. चाळीस वर्षांची आळी, सगळे गाड्यात मुरलेले, आणि एका गालवाल्या ढगापुढे आपण आपल्या हाताने कागद जाळले. बरं, आकडे तरी कोणाला आठवतात? मीच वाचले होते, पण तोंडाने वाचलेलं डोक्यात राहत नाही. चुचोने ऐकले आणि कापले. आणखी कोणी ऐकले?

आणि मला ओविदियोच्या टेबलावरचा तो थांबलेला खडखडाट ऐकू आला.

ऑक्टोबरनंतर खेकड्याने कोंबडेआळीत पाय ठेवायचा नसतो. मी दिवसाढवळ्या गेले. खिडक्याखिडक्यांतून आरवणं सुरू झालं. म्हातारे आरवले, बायका आरवल्या, एकीने तर कडेवरच्या बाळाला आरवायला शिकवलं. मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पण गेल्या वर्षी छत्र्या त्यांनी काढल्या होत्या, मीही काढली.

ओविदियो दारात बसला होता.

“ये. अंडी फुटली वाटतं?”

“तुझ्याकडे आमचं जहाज आहे,” मी म्हणाले.

त्याने सिगार तोंडातून काढली, बघितली, परत ठेवली. “कोण म्हणतं जहाज?”

“मी म्हणत नाही. तुझं तोंड म्हणतंय. मी जहाज म्हणाले, आणि तू हसला नाहीस.”

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. मग आत गेला आणि जुन्या कॅलेंडरच्या पानांची गुंडाळी घेऊन आला. पानांच्या कोऱ्या बाजूवर जहाज होतं. सांगाडा, डोलकाठ्या, दोरी न दोरी, कप्पी न कप्पी. मी हिशेबातली बाई, मला चित्रातलं कळत नाही. पण ते मास्तरांचंच होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“चादरीत डोकं कोणी घातलं होतं?” मी विचारलं.

“कोणी नाही. आम्ही एकही चित्र पाहिलेलं नाही. तू सांगत होतीस, मी ऐकत होतो. दोन मीटर दहा. डावं पोतं साठ. पहिल्यांदा वाटलं पाळणा आहे. मग वाटलं पूल. मग एका संध्याकाळी तू शिडाचं कापड ओरडलीस, आणि मी डॉमिनो तिथेच पालथा टाकला. कोणती दोरी कुठे जाते ते आकड्यांवरूनच कळतं. त्या भारांना दुसरीकडे जाताच येत नाही.”

“काय घेशील याचं?”

“घेऊन जा,” तो म्हणाला. “मला याची किळस आलीय.”

मला वाटलं, टोमणा आहे. पण त्याचं तोंड खरंच आंबट झालं होतं.

“दोन महिने माझ्या डोक्यात दुसऱ्याचं जहाज आहे. माझा गाडा काढायला बसलो की तेच उभं राहतं. आमचा गाडा पाहिलास? नको पाहूस. हंस आहे. बागेत हंस! वीस वर्षांपूर्वी केलेला, पुन्हा रंगवून काढतोय. गुपित चोरायला मजा येते गं, पण ते सांभाळायला नाही. नाताळच्या संध्याकाळी तुमचं जहाज उभं राहील, सगळं गाव ‘अरे!’ म्हणेल, आणि मी तिथे बसून कप्प्या मोजीन. जा, ने ते.”

मी गुंडाळी काखेत मारली. उंबऱ्यावर त्याने हाक मारली.

“तिसरी डोलकाठी चुकलीय. लाल पेन्सिलने दाखवलंय. त्याला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून.”

“लाल पेन्सिल काय चर्चच्या पाद्र्याने मारली म्हणून सांगू?”

“काय सांगायचं ते सांग. पण त्या काठीखाली पोरी उभ्या राहणार आहेत ना?”

मास्तरांनी पानं टेबलावर पसरली, भिंग घेतलं आणि नाक टेकवून एक एक पान पाहिलं. त्यांच्या मानेवरची शीर फुगत गेली. तिसऱ्या डोलकाठीपाशी लाल रेघ होती: कप्पी हातभर मागे, आणि काठीला जागीच रोखणारी एक जास्तीची आवरदोरी.

“हे कोणाचं?”

मी छत्री गुंडाळत बसले.

“त्या सुकटाचं.” त्यांनी भिंग आपटलं. “माझ्या जहाजावर त्याचा हात! थू! त्यापेक्षा त्या डब्यात परत जाळतो.”

“जाळा. काडी देऊ?”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मी बोलत नाही, विचारते. लाल रेघ बरोबर आहे की चूक?”

ते पुन्हा वाकले. बोटाने दोरीच्या मागे मागे गेले, कप्पीवरून, काठीवरून, पोरींच्या फळीपर्यंत. बोट तिथे थांबलं.

“काठी उभी राहून थांबली नसती,” ते हळूच म्हणाले. “तशीच पलीकडे गेली असती. फळीवर.” मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. “चुचोला बोलाव. आणि हे पान माझ्यापुढून ने. माप त्याला तूच सांग. वखारीत. दार लावून. आणि कमी ओरडून.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळी जहाज चौकात आलं. मळकं, आडवं, वाळूत रुतलेलं. कोंबडेआळी हसत होती, कोणीतरी ओरडलं, “खेकड्यांनी मेलेला मासा आणला!” म्हणजे ओविदियोने आपल्या लोकांनाही सांगितलं नव्हतं. चुचोने खुंटी ओढली. आत पोती खाली गेली, दोऱ्या कुरकुरल्या, आणि पहिली काठी उठली, मग दुसरी. तिसरी उठली, पेरूच्या रंगाचं शीड घेऊन, सरळ झाली, तिला हिसका बसला आणि ती थांबली. फळीवरच्या पोरींचे केससुद्धा हलले नाहीत. मग जो आवाज झाला, त्याने चर्चच्या पायऱ्यांवरच्या मेणबत्त्या विझल्या.

सगळं गाव वर बघत होतं. दोनच माणसं नव्हती बघत. मास्तर जमिनीकडे बघत, कान देऊन, त्या तिसऱ्या हिसक्याची वाट बघत होते. आणि ओविदियो आपल्या हंसाकडे पाठ करून, डोळे मिटून, विझलेली सिगार चावत होता. गावात चकित न झालेले ते दोघंच.

“थांबली?” मास्तरांनी विचारलं.

“थांबली.”

ते जमिनीवर थुंकले. “लाल रेघ,” म्हणाले, आणि खुर्ची मागितली.

दोन्ही आळ्या जिंकल्या, नेहमीप्रमाणे. कोंबडे सांत्वनाला आले, हंसाचं कौतुक ऐकून गेले.

जानेवारीत योआन्द्रीचा फोन आला. दुसरी कंपनी आहे म्हणे, हिचं आभाळ जास्त भरवशाचं, पाठवू का? फेर्मिनाने फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, “बाळ, तुमची उमेद आम्ही समजू शकतो,” आणि ठेवला.

यंत्र माझ्या कपाटात पडून होतं. त्याचा काय उपयोग करावा कळेना. इतकं चपटं की कशाला टेकूसुद्धा देता येत नाही. एक दिवस मास्तर दारात आले. खुर्ची मागून जेमतेम महिना झाला होता.

“ते घे आणि चल चौकात.”

“त्यात काही नाही, मास्तर. पोरीचा बाणही नाही.”

“ठाऊक आहे. तू चल. चादर घे. चुचोलाही बोलाव.”

आम्ही त्याच बाकावर बसलो. कार्ड खरवडलं नाही. काळ्या काचेत आमचीच दोन तोंडं, माझं घामेजलेलं आणि त्यांचं पांढऱ्या दाढीचं. बाहेर ओविदियोचं टेबल खडखडत होतं.

“पुढच्या वर्षीचा गाडा,” मास्तर माझ्या कानात म्हणाले. “वाच.”

“काय वाचू? काहीच नाही इथे.”

“मी सांगतो ते वाच.”

मी वाचलं. “पुढची कप्पी, चार मीटर तीस!”

“काय?” चुचो ओरडला.

“चार! मीटर! तीस! उजवं पोतं नव्वद! शेपटाचा खांब एकवीस!”

बाहेरचा खडखडाट थांबला. चादरीत भट्टी होती, तापल्या पत्र्याचा वास मात्र नव्हता. मास्तर डोळे मिटून आकडा जुळवत होते, ओठांच्या कोपऱ्यात किळसही होती आणि दुसरंही काही. नव्वद किलोने ओढलेला एकवीस मीटरचा शेपटाचा खांब जगात कशालाच लागत नाही. ओविदियोला ते चौथ्या आकड्याला कळेल, हे त्यांना माहीत होतं. तरी ते पुढचा आकडा सांगत होते, आणि बाहेर कोणीतरी कॅलेंडरचं पान फाडल्याचा आवाज आला.